पेठापेठांचा कसोटी ड्राफ्ट: सहा संघांची चिरफाड (शिवाजी पेठेने रागावू नये)

थर्डमॅन_कोल्हापूर

ड्राफ्ट संपला तरी ग्रुपवरचं भांडण काही संपेना, म्हणून परीक्षणाचं काम माझ्या गळ्यात मारलंय. मी स्वतः खेळलो नाही, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. (जन्म मंगळवार पेठेतला आहे, आता तिथं राहत नाही. ओरडायचं असेल त्यांनी आत्ताच ओरडून घ्या.)

जे नव्हते त्यांच्यासाठी नियम. ड्राफ्ट म्हणजे खऱ्या कसोटीपटूंची नावं पाळीपाळीने उचलून कागदावर संघ बांधायचा, एकाने उचललेला दुसऱ्याला नाही. कोल्हापूरच्या पेठांचे सहा संघ, प्रत्येकी अकरा खेळाडू. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला, आणि पहिल्या फेरीत ज्याचा नंबर शेवटी तो दुसऱ्या फेरीत पहिला. खेळाडूने किमान २० कसोट्या खेळलेल्या असाव्यात. ओपनर खराखुरा ओपनर हवा, कीपरने कसोटीत ग्लोव्हज घातलेले हवेत, आणि बॉलर पाच तरी पाहिजेतच. कल्पनेतली मालिका पाच कसोट्यांची: लॉर्ड्स, पर्थ, चेपॉक, जोहान्सबर्ग आणि ब्रिजटाउन.

पहिली फेरी अशी गेली: कसबा बावडा ब्रॅडमन, राजारामपुरी सोबर्स, शिवाजी पेठ सचिन, मंगळवार पेठ मार्शल (फास्ट बॉलर), उद्यमनगर गिलख्रिस्ट (कीपर), शाहूपुरी मुरली (स्पिनर).

माझं म्हणणं एकच आहे आणि सगळं परीक्षण त्यावरच उभं आहे. मटणाच्या पंगतीत भात शेवटपर्यंत मिळतो, पांढरा रस्सा आधी संपतो. ज्याला कळतं तो वाटी आधी पुढे करतो. कसोटी क्रिकेटमध्ये मधल्या फळीचे बॅट्समन म्हणजे भात. पन्नाशीच्या सरासरीचा चार नंबर तुम्हाला आठव्या फेरीतही मिळतो. खरा ऑलराउंडर, बॅटिंग करणारा कीपर आणि पन्नासच्या वरचा ओपनर मात्र लवकर संपतात. ही गोष्ट ज्यांनी ओळखली ते संघ वर आहेत.

ब्रॅडमनबद्दल वाद नको. सरासरी ९९.९४, आणि त्याच्यानंतरचे मोठ्यातले मोठे साठीच्या आसपास. एका जागेवर डावामागे चाळीस धावांचा फरक दुसरा कुठलाच खेळाडू देत नाही. चिठ्ठी लागली, बावड्याने घेतला, संपलं. त्यांचं खरं कौतुक पुढच्या दोन नावांचं. बाराव्या नंबरला कॅलिस (१३,२८९ धावा आणि वर २९२ विकेट) आणि लगेच तेराव्याला मॅकग्रा. पण टोकाच्या संघाचं दुखणं तिथंच सुरू होतं. तेरावा नंबर झाला की मधली दहा नावं दुसरे उचलणार, मग तुमची पाळी. तोवर ओपनर गेले. हाती राहिले ग्रॅम स्मिथ आणि गूच. वाईट नाहीत, पण ब्रॅडमनला नव्या बॉलसमोर वारंवार यावं लागणार. आणि पाचव्या फेरीत धोनी? ३८.०९ सरासरीचा कीपर तेव्हा घेण्याची गडबड कशाला झाली, ते कळलं नाही. प्रेम समजू शकतो.
संघ: स्मिथ, गूच, ब्रॅडमन, कॅलिस, मिआंदाद, स्टीव्ह वॉ, धोनी, वकार, ट्रूमन, कुंबळे, मॅकग्रा.

राजारामपुरी माझ्या मते पहिली. सोबर्स घेतला म्हणजे एका जागेत चार माणसं आली: ५७.७८ सरासरीचा बॅट्समन, डावखुरा फास्ट, डावखुरा स्पिनर, आणि मनगटानं बॉल वळवणारा चौथा. त्यामुळे वॉर्नबरोबर तीन फास्ट खेळवूनही चेपॉकला दुसरा स्पिनर संघातच आहे. तिसऱ्या फेरीत गावसकर, म्हणजे ओपनर वेळेत उचलला. पण मला सगळ्यात आवडली ती त्यांची स्लिप. द्रविडचे २१० झेल, वॉर्नचे १२५, हॅमंडचे ११०, सोबर्सचे १०९. अँडरसन लॉर्ड्सला बॉल टाकतोय, मागे हे चौघे उभे आणि ग्लोव्हज नॉटच्या हातात. ड्राफ्ट करताना कॅच कोण घेणार याचा विचार आणखी कुणी केला होता का, प्रामाणिकपणे सांगा.
संघ: गावसकर, सेहवाग, द्रविड, हॅमंड, बॉर्डर, सोबर्स, नॉट, वॉर्न, अ‍ॅम्ब्रोज, लिली, अँडरसन.

मंगळवार पेठ दुसरी, आणि फार थोड्या फरकाने. हॉब्ज आणि सटक्लिफ ही जोडी अख्खी उचलली. दोघांनी कसोटीत मिळून ३८ वेळा डाव सुरू केला, ३,२४९ धावा केल्या, त्यात पंधरा शतकी भागीदाऱ्या. जोडीची सरासरी ८७.८१. आपण कागदावर संघ जोडतो, ही जोडी मैदानावर जुळलेली आहे. आठव्या फेरीत अँडी फ्लॉवर म्हणजे अख्ख्या ड्राफ्टमधला सर्वात स्वस्त सौदा: कीपर म्हणून खेळताना सरासरी ५३.७०, आणि २००० साली आपल्या नागपुरात नाबाद २३२. उद्यमनगरने गिलख्रिस्टसाठी पहिली फेरी खर्च केली आणि फ्लॉवर आठव्यापर्यंत तसाच पडून राहिला!
शंका एकच. नियम २० कसोट्यांचा होता, आणि यांनी बरोबर त्या रेषेच्या अलीकडचे तिघे टिपले: जॉर्ज हेडली २२ कसोट्या, ग्रॅम पोलॉक २३, सिडनी बार्न्स २७. सरासरी डोळे दिपवणारी, पण लांब कारकीर्दीत जी घसरण होते ती त्यांच्या वाट्याला आलीच नाही.
संघ: हॉब्ज, सटक्लिफ, हेडली, ग्रॅम पोलॉक, ग्रेग चॅपेल, फ्लॉवर, कपिल, अश्विन, मार्शल, गार्नर, बार्न्स.

उद्यमनगर: हटन, ग्रीनिज, स्टीव्ह स्मिथ, रूट, विल्यमसन, मिलर, गिलख्रिस्ट, हॅडली, होल्डिंग, डोनाल्ड, लेकर. नीटनेटका संघ, कुठं भोक नाही, कुठं अंगावर काटाही नाही. तिसरे. मिलरला (३६.९७ ची बॅटिंग, २२.९७ ची बॉलिंग; बॉलिंगची सरासरी म्हणजे विकेटमागे दिलेल्या धावा, कमी तितकी चांगली) बाकीच्यांनी इतका वेळ का सोडला देव जाणे.

शाहूपुरी पाचवी, बावड्याच्या मागे. मुरली आणि इम्रान ओळीने, इथवर झकास. मग संगकाराला कीपर केला आणि गणित फिसकटलं. ग्लोव्हज घालून खेळताना त्याची सरासरी चाळीसच्या आसपास, ग्लोव्हज काढल्यावर ६६.७८. तुम्ही ६६ ची किंमत मोजून ४० घरी आणलेत. ओपनर कुक आणि वॉर्नर, दोघेही डावखुरे, दोघेही पंचेचाळिशीच्या आसपास.
संघ: कुक, वॉर्नर, पाँटिंग, कोहली, इंझमाम, संगकारा, बॉथम, इम्रान, लिंडवॉल, स्टेन, मुरली.

शिवाजी पेठ शेवटी. सचिन, लारा, व्हिव रिचर्ड्स. पहिल्या तीन फेऱ्यांत तीन मधल्या फळीचे बॅट्समन! नावं वाचून छाती फुगते, मान्य. पण ऑलराउंडर म्हणून शेवटी फ्लिंटॉफ उरला आणि कीपर बाउचर. ५५५ बळींचा विक्रम असलेला, हात सोन्याचे, पण बॅटिंग तीसची. वर हेडन, लँगर, लारा हे पहिले तिघे डावखुरे. अश्विनने कसोटीत दोनशेच्या वर डावखुरे काढलेत, तो हा स्कोअरकार्ड बघून गालात हसेल. संघ वाचला तो वसीम, बुमराह आणि नवव्या फेरीतल्या शॉन पोलॉकमुळे.
संघ: हेडन, लँगर, लारा, सचिन, व्हिव, फ्लिंटॉफ, बाउचर, पोलॉक, वसीम, बेदी, बुमराह.

या आता.

शिवाजीपेठ_कट्टा

मर्दा, सचिनला तिसऱ्या नंबरला घेतला म्हणून शेवटचा नंबर? कोल्हापुरात राहतोस न्हवं?

तुझ्याच पाच मैदानांवर बोलूया. पर्थ: १९९२, पोरगं अठरा वर्षांचं, ११४, बाकीचे चाचपडत होते. चेपॉक: १९९८ ला वॉर्नसमोर नाबाद १५५, राऊंड द विकेट रफमध्ये (बुटांनी उखडलेल्या जागेत) टाकायला लागला तर उचलून मारला. पुढच्या वर्षी तिथंच पाकिस्तानसमोर पाठ धरून १३६. ब्रिजटाउन: लारा, १९९९, नाबाद १५३, समोर मॅकग्रा, वॉर्न, गिलेस्पी, आणि मॅच एका विकेटने जिंकली. तू भात भात म्हणतोयस, हा भात बासमती हाय.

आणि फ्लिंटॉफला नावं ठेवू नका. २००५ ची अ‍ॅशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची कसोटी मालिका) बघितली न्हाई का कुणी?

तांबडा_पांढरा

बासमती 😂 नाद खुळा.

थर्डमॅन_कोल्हापूर

कट्टा, त्या खेळी मलाही तोंडपाठ आहेत. प्रश्न असा की सचिन सोडला असता तर त्याच्या जागी काय मिळालं असतं. मंगळवार पेठेला ग्रॅम पोलॉक सातव्या फेरीत मिळाला, ६०.९७ सरासरीचा. म्हणजे चार नंबरवर तुम्ही पहिल्या फेरीत जे कमावलं ते त्यांनी सातव्या फेरीत मिळवलं, आणि पहिल्या फेरीचा मार्शल त्यांच्याकडे वरकड राहिला. ८१ कसोट्यांत ३७६ विकेट, २०.९४ ने. १९८३-८४ ला आपल्याकडे येऊन, आपल्या पाटा विकेटवर, एका मालिकेत ३३ काढून गेला. तुम्ही तेव्हा मार्शल घेतला असता आणि चौथ्या-पाचव्या फेरीत मिआंदाद किंवा बॉर्डर, तर मी तुम्हाला पहिल्या दोनात ठेवलं असतं.

फ्लिंटॉफची ती मालिका देवासारखी होती. कारकीर्द धरली तर बॅटिंग ३१.७७ आणि बॉलिंग ३२.७८. इम्रान ३७.६९ आणि २२.८१. ही दोन माणसं एका रांगेत बसत नाहीत.

शाहूपुरीची_ताई

थर्डमॅनदादा, संगकाराचं मान्य करायला मी तयार नाही. आमच्याकडे पहिले पाच बॅट्समनच आहेत, मग सहाव्या नंबरचा कीपर चाळीसने खेळला तर कुणाच्या पोटात दुखतं? तुमच्या पहिल्या नंबरच्या राजारामपुरीचा नॉट ३२.७५ चा. त्यांना एक शब्द नाही आणि आम्हाला गणिताचा तास.

मुरलीबद्दल कुणीतरी बोलेलच, म्हणून आधीच सांगते. ८०० विकेट. १९९८ ला ओव्हलवर एकट्याने १६ काढल्या, एकच कसोटी होती, इंग्लंडने दुसरी दिलीच नाही त्या दौऱ्यात. आणि इम्रान म्हणजे १९८२-८३, आपल्याविरुद्ध सहा कसोट्यांत ४०. माझे वडील अजून त्या मालिकेचं नाव काढलं की चहा बाजूला ठेवतात.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

ताई, बोलणारच मी. मुरलीची भारतातली सरासरी ४५ आणि ऑस्ट्रेलियात ७५. पर्थ आणि चेपॉक, पाचातली दोन मैदानं गेली.

शाहूपुरीची_ताई

आणि तुमच्या वॉर्नची भारतात ४३. चेपॉकला दोघं एकाच डब्यात. आमच्याकडे निदान स्टेन आहे, २०१० ला नागपुरात ५१ धावांत ७. बघा शोधून.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

बरं, चेपॉक सोडलं. पण स्लिपचं कुणीच काही बोललं नाही, ते राहू द्या तसंच 😎

मॅटिंगवाला

बार्न्सबद्दल लिहितो. जरा लांब होईल, सवड असेल त्यांनीच वाचा.

आकडा सगळ्यांनी बघितला: २७ कसोट्या, १८९ विकेट, १६.४३ ने. आता तो फोडून बघा. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सात कसोट्यांत ८३ विकेट, ९.८५ ने. ऑस्ट्रेलियाविरुद्ध वीस कसोट्यांत १०६, २१.५८ ने. म्हणजे जवळपास निम्मा माल एकाच गिऱ्हाइकाकडून आला. १९१३-१४ च्या मालिकेत तर चार कसोट्यांत ४९, आजही एका मालिकेतला विक्रम तोच. आणि ती मालिका मॅटिंगवर झाली.

मॅटिंग म्हणजे काय हे ज्यांनी टर्फशिवाय काही बघितलं नाही त्यांना कसं कळणार. आमच्या पोरवयात काथ्याचं मॅटिंग अंथरायचो. सकाळी दोघा-तिघांनी टोकं धरून ओढायचं, एक जण हातोडीने कडेला खिळे ठोकणार, आणि खिळा सैल राहिला की गुड लेंथला घडी पडायची. त्या घडीवर बॉल पडला की बॅट्समनचं काही खरं नसायचं. घडी नसली तरी काथ्या शिवण धरतो. ऑफस्पिन टाकणारा आमच्यातला साधा पोरगा मॅटिंगवर टाचेएवढा बॉल वळवायचा आणि वर तो छातीपर्यंत उडायचा. मग बार्न्ससारखा माणूस, जो बोटांनी बॉल दोन्हीकडे वळवायचा, तेही मीडियम फास्टच्या वेगाने, त्याचं काय झालं असेल?

म्हणून ९.८५ वर जाऊ नका. पण हेही बघा की मॅटिंग बाजूला काढलं तरी ऑस्ट्रेलियाविरुद्धची २१.५८ राहते, आणि ती हॅडलीच्या बरोबरीची आहे. तिसऱ्या फेरीला तो योग्यच होता. फक्त त्याला ड्राफ्टमधला सर्वश्रेष्ठ बॉलर म्हणू नका, मार्शल त्याच संघात बसलाय.

थर्डमॅन_कोल्हापूर

काका, हा प्रतिसाद माझ्या अख्ख्या परीक्षणापेक्षा भारी. शंका एक: आच्छादन नसलेल्या विकेटवर हॉब्जची ५६.९४ सरासरी आजच्या हिशेबात किती धरायची?

मॅटिंगवाला

वाढवूनच धरा. पावसानंतर ऊन पडलं की त्या विकेटवर उभं राहणं मुश्किल. १९२६ ला ओव्हलवर असल्याच विकेटवर हॉब्ज आणि सटक्लिफ दोघांनी शतकं काढून अ‍ॅशेस आणली. जोडी घेतली हे मंगळवार पेठेचं शहाणपण, एकट्याचं नाही.

बावड्याचा_पोरगा

धोनीवर कुणी बोलायचं काम नाही.

बाकी ओपनरचं पटलं. पण गूच म्हणजे ३३३ आणि १२३ एकाच कसोटीत, लॉर्ड्सला, १९९०. आणि तुमची पहिली कसोटी लॉर्ड्सलाच आहे. समोर आपला संघ होता हे दुःख वेगळं.

सांगलीचा_पाहुणा

नदीपलीकडून एक तक्रार. ६६ नावं झाली आणि विजय हजारे एकाच्याही संघात नाहीत? नियमात बसतात, ३० कसोट्या, ४७.६५. अ‍ॅडलेड, १९४८: दोन्ही डावांत शतक, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात लिंडवॉलने सात काढल्या, अख्खा संघ कोसळला, हे एकटे उभे. त्याच कसोटीत ब्रॅडमन २०१ वर बोल्ड झाला, बॉलर हजारे. तुमच्या शाहूपुरीने लिंडवॉल घेतला, उद्यमनगरने मिलर घेतला, बावड्याने ब्रॅडमन. तिघांनाही ज्याने तोंड दिलं तो सांगलीचा माणूस राहिला बाहेर. कोल्हापूरकरांनी मुद्दाम केलं असं म्हणत नाही. मनात येतंय एवढंच.

तांबडा_पांढरा

सांगलीच्या माणसाला कोल्हापूरच्या ड्राफ्टमध्ये जागा हवी असेल तर हळद घेऊन यावं.

पंचगंगाकाठ

सांगलीचे राहिले म्हणता, तर आमच्या घरचेच राहिले त्याचं काय? भाऊसाहेब निंबाळकर. जन्म कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८, पुण्यात, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटची भागीदारी ४५५ ची. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर, आणि काठियावाडच्या कॅप्टनने सामनाच सोडून दिला, संघ घेऊन गेले. आजही रणजीतली सर्वोच्च खेळी तीच.

आणि कसोट्या किती खेळले? शून्य. तुमच्या २० च्या नियमात ग्रॅम पोलॉक २३ ने बसतो आणि ४४३ वाला बाहेर.

शिवाजीपेठ_कट्टा

ह्याला म्हणत्यात मुद्दा. हे बघा, मालिकेतला एखादा संघ सामना सोडून गेला तर विक्रम कुणाच्या नावावर, ते पण नियमात लिहा.

थर्डमॅन_कोल्हापूर

निंबाळकर बाहेर राहतात ते ड्राफ्टच्या नावामुळे. कसोटीचा ड्राफ्ट होता, आणि त्यांना कसोटी खेळवायचं काम निवड समितीचं होतं, आपलं नव्हे. हजारेंबद्दल सांगलीकरांचं म्हणणं रास्त आहे. पाचव्या नंबरवर इंझमामच्या जागी ते मला चालले असते. वर मध्यमगती बॉलिंगही मिळाली असती.

दुसरा ड्राफ्ट फक्त रणजीचा करू, कसोटी न खेळलेल्यांचा. पद्माकर शिवलकर, राजिंदर गोयल, अमोल मुजुमदार, सगळे त्यात येतील. गोयलच्या रणजीत ६०० च्या वर विकेट आहेत आणि कसोटी एकही नाही, बेदी हा दुसरा डावखुरा स्पिनर त्याच काळात खेळत होता म्हणून.

शाहूपुरीची_ताई

त्यात मी डावखुरा स्पिनर आधी घेणार. आत्ताच सांगून ठेवते.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

ताई, शिवलकर आणि गोयल दोघेही डावखुरेच. तुमच्या संगकारासारखं करू नका, एकच घ्या.

मॅटिंगवाला

किमान प्रथम श्रेणी सामने किती धरायचे? पन्नास ठेवा, नाहीतर मंगळवार पेठ परत पळवाट काढेल.

थर्डमॅन_कोल्हापूर

पन्नास ठीक. कीपरचा नियम तोच, ओपनरचा तोच. क्रम चिठ्ठ्या टाकूनच.

शिवाजीपेठ_कट्टा

चिठ्ठ्या कशाला? शेवटच्या नंबरवाल्याला पुढच्या ड्राफ्टला पहिली निवड द्यायची असते, सगळ्या जगात तसंच चालतंय. आणि तू आम्हाला शेवटचा नंबर दिलायस. निंबाळकर आमचे. लिहून घे.